स्वच्छ पाण्यात मासे का मरतात?

टाकीतील पाणी इतके नितळ होते की, पलीकडच्या भिंतीवरील कॅलेंडरच्या तारखा त्यातून वाचता येत होत्या. आणि त्याच पाण्यात मासे मरत होते.

विद्यार्थिमित्रांनो, ही गोष्ट माझ्याच घरातील आहे. नववीत शिकणाऱ्या मुलीच्या हट्टामुळे अणदूरच्या आमच्या घरी काचेची टाकी आली. लांबी ६० सें.मी., रुंदी व उंची प्रत्येकी ३० सें.मी. तळाशी बारीक खडी, कोपऱ्यात स्पंजची गाळणी आणि तिला जोडलेला हवेचा लहानसा पंप. पाणी घातले ते बोअरचे. खडीची जागा वजा जाता ते सुमारे ४५ लिटर भरले. दुसऱ्याच दिवशी सोलापूरहून सहा लहान गोल्डफिश आणून आम्ही त्यात सोडले. पहिला आठवडा मजेत गेला. आठव्या दिवशी सकाळी पाहतो तो सगळे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करीत आहेत. संध्याकाळी एक मेला, दुसऱ्या दिवशी दोन.

अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. कोणी म्हणाले, हवा कमी पडते, मोठा पंप घ्या. कोणी म्हणाले, पाणी सगळे काढून टाका. कोणी म्हणाले, स्पंज घाण झाला असेल, नळाखाली धरून चांगला पिळून काढा. मी या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी केल्या. मासे तात्पुरते सावरले. तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही एकदम सगळंच बदललंत. आता कशामुळे बरं वाटलं ते कळणार कसं?"

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. सरल दोलकाची लांबी बदलत असाल तर त्याच वेळी गोळा बदलू नका, हे मी दरवर्षी मुलांना बजावतो. घरी मात्र दोरी, गोळा आणि घड्याळ सगळेच बदलून बसलो होतो. तिने त्याच दिवशी एक दोनशे पानी वही घातली. पुढील मजकूर बराचसा त्या वहीतला आहे.

हाताशी असलेले पहिले उपकरण म्हणजे टीडीएस मीटर. आरओ यंत्रे बसवणारे लोक पाण्यात बुडवून दाखवतात तोच. बोअरच्या पाण्यात तो ८४० दाखवी. मासे धापा टाकत होते त्या पाण्यात ८५०. म्हणजे फरक जवळपास नाहीच. याचे कारण समजण्यासारखे आहे. हे मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजते आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज सांगते. ते पदार्थ कोणते, हे त्याला दिसत नाही. एका लिटरमध्ये ८४० मिलिग्रॅम निरुपद्रवी क्षार असतील आणि त्यात दोन मिलिग्रॅम विष मिसळले, तर मीटरच्या दृष्टीने काहीच घडले नाही! माशाच्या दृष्टीने मात्र सगळे घडलेले असते. मत्स्यालयाच्या कामी या मीटरवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

मग आम्ही माशांच्या दुकानात मिळणारी तपासणीच्या थेंबांची बाटल्यांची जोडी आणली. एक अमोनियासाठी, दुसरी सामूसाठी. सामू म्हणजेच पीएच. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली ही मोजपट्टी दिली. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, त्यावर आम्लारिधर्मी. ही पट्टी पायरीपायरीने दहापट चढते वा उतरते. मासे पुन्हा वर येऊ लागले त्या दिवशी आमच्या टाकीचा सामू ८.२ आणि अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम भरला. त्या आठवड्यात चौथा मासा गेला.

हा अमोनिया आला कोठून? माशांच्या खाद्यातून. माशांच्या खाद्यात प्रथिने भरपूर असतात, आणि प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नायट्रोजनचा असतो. आपण जास्तीचा नायट्रोजन युरियाच्या रूपाने टाकतो. मासे तो मुख्यतः कल्ल्यांतून सरळ अमोनियाच्या रूपाने पाण्यात सोडतात. हिशेब करून पाहा. एक ग्रॅम खाद्यात ३५ टक्के प्रथिने धरली, तर त्यात ५६ मिलिग्रॅम नायट्रोजन झाला. त्यातला निम्मा जरी बाहेर पडला तरी २८ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ३४ मिलिग्रॅम अमोनिया. ४५ लिटरमध्ये तो वाटला की लिटरला पाऊण मिलिग्रॅम. चार दिवसांत तीन मिलिग्रॅम. पाण्याचा रंग बदलत नाही, वासही येत नाही.

पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. एक मोकळा अमोनिया वायू. हा कल्ल्यांतून आत शिरतो व विषारी ठरतो. दुसरा अमोनियम आयन. त्याचा उपद्रव फारच कमी. कोणते रूप किती, हे सामू ठरवतो. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर मोकळा अमोनिया एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्का असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांवर जातो, ९ झाला की ३६ टक्क्यांवर. आमच्या ८.२ सामूच्या पाण्यात तो सुमारे आठ टक्के होता. म्हणजे तेवढाच अमोनिया उदासीन पाण्यात असता त्याच्या सुमारे पंधरापट धोका आमच्या माशांना होता.

मग नदीतले, तळ्यातले मासे कसे जगतात? तेथे पाणी पुष्कळ आणि मासे विरळ असतात, हे एक. दुसरे म्हणजे तेथे अमोनिया खाणारे असतात. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले की, काही जीवाणू अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून त्यावरच आपली गुजराण करतात. एका गटाचे जीवाणू अमोनियापासून नायट्राइट बनवतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटपासून नायट्रेट. नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसते, आणि पाणवनस्पती ते खत म्हणून वापरतात. जुन्या पुस्तकांत दुसऱ्या कामाचे श्रेय नायट्रोबॅक्टर या जीवाणूला दिलेले आढळेल. मत्स्यालयांत हे काम बहुतांशी नायट्रोस्पायरा करतात, हे पुढे कळले. आणि २०१५ साली तर दोन्ही कामे एकटाच उरकणारा नायट्रोस्पायरा सापडला. तसे जीवाणू मिळालेल्या ठिकाणांपैकी एक होते मत्स्यपालनाच्या पाण्याची गाळणी.

हे जीवाणू पाण्यात तरंगत नाहीत, खडीवर व स्पंजवर चिकटून राहतात. त्यांची वाढही फार हळू होते. दह्याचे विरजण एका रात्रीत लागते. हे विरजण लागायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या टाकीत दुसऱ्याच दिवशी सहा मासे सोडणे म्हणजे कोऱ्या दुधाकडून सकाळी दह्याची अपेक्षा करणे होय. आणि मी ते थोडेबहुत लागलेले विरजणही नळाखाली पिळून टाकले होते.

यात आणखी एक बारकावा होता, तो मुलीच्या शाळेतल्या ओटी चाचणीमुळे उलगडला. गावच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. माणसांच्या आरोग्यासाठी ते हवेच. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की, मोकळा क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. आमच्या नळाचे पाणी त्या दिवशी चांगले पिवळे झाले. क्लोरीनला रोगजंतू कोणते आणि आपले उपयोगी जीवाणू कोणते, हा भेद कळत नाही. शिवाय तो कल्ल्यांनाही जाळतो. तेव्हा नळाचे पाणी बादलीत भरून रात्रभर पंप लावून ठेवावे आणि सकाळी ओटीचा रंग येत नाही याची खात्री करूनच वापरावे. घाई असेल तर हायपोचा, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचा, लहानसा खडा चालतो. स्पंज मात्र नळाखाली कधीच धुऊ नये. टाकीतले बदलायचे पाणी एका बादलीत काढावे आणि त्यातच तो दोनदा दाबून गाळ काढावा, बस्स.

पुढचा महिना आम्ही दोन माशांना चिमूटभर खाद्य दिले, रोज चार-पाच लिटर पाणी बदलले आणि रोज मोजत राहिलो. चौथ्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आला. आम्ही आनंदलो, आणि तिसऱ्या दिवशी मासे पुन्हा वर! अमोनिया शून्य, पंप चालू, पाणी थंड. मुलीने टॉर्च धरून पाहिले तर कल्ले लालऐवजी तपकिरी दिसत होते. ही नायट्राइटची खूण. पहिल्या गटाचे जीवाणू कामाला लागले होते, दुसरा गट अजून मागे होता. नायट्राइट रक्तात गेले की हिमोग्लोबिनमधील लोहाचे ऑक्सिडीकरण होते आणि ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. मिठातील क्लोराइड आयन आणि नायट्राइट आयन कल्ल्यांत एकाच दाराने शिरतात. क्लोराइडची गर्दी वाढली की नायट्राइट बाहेर राहते. आम्ही लिटरला अर्धा ग्रॅम या हिशेबाने साधे खडे मीठ विरघळवून घातले आणि निम्मे पाणी बदलले. दोन्ही मासे वाचले. सहाव्या आठवड्यात नायट्राइटही नाहीसे झाले.

येथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण शेजारच्या काकांचे एक म्हणणे माझ्या डोक्यातून जात नव्हते. "सर, आपल्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर धरतो. तुम्ही माशांना आरओचा जार का घालत नाही?" सामू जास्त म्हणून अमोनिया जास्त विषारी, हे मी नुकतेच शिकलो होतो. मग सामूच कमी केला तर? दर रविवारी एक तृतीयांश पाणी काढून तेवढे आरओचे पाणी घालायचे, असे मी ठरवले. आठ आठवड्यांनी हिशेब काय होतो? दोन तृतीयांशचा आठवा घात. म्हणजे मूळचे पाणी चार टक्क्यांच्या आत! टीडीएस मीटर खूश, मीही खूश. नवव्या आठवड्यात मासे तळाशी पर मिटून बसले. सामूच्या थेंबांनी पाणी पिवळे झाले, म्हणजे सामू ६ किंवा त्याहूनही कमी. या सूचकाचा पट्टा तेथेच संपतो. अमोनिया पुन्हा ३ मिलिग्रॅमवर.

हे समजण्यासाठी आपल्या जमिनीकडे वळावे लागेल. आपला हा भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा. त्यावर काळी माती, आणि मातीत चुनखडीचे पांढरे खडे. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डाय-ऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते आणि झिरपताना खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जाते. म्हणून बोअरच्या पाण्यात त्यांची बायकार्बोनेटे असतात. साबणाला फेस येत नाही, उकळले की भांड्याला थर बसतो, ते याच कारणाने. घरात हा त्रासच. पण टाकीत हीच बायकार्बोनेटे पहारा देतात. अमोनियाचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. बायकार्बोनेट ते आम्ल गिळून टाकते आणि सामू स्थिर राहतो.

आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी टायट्रेशन करून दिले. कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात सांगायचे तर आमच्या बोअरच्या पाण्यात लिटरला ३०० मिलिग्रॅम इतकी ही शिल्लक होती, आरओच्या पाण्यात अवघी २०. आता वरचा एक ग्रॅम खाद्याचा हिशेब पुढे न्या. एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना या शिल्लकीतले सुमारे ७ मिलिग्रॅम खर्च होतात. २८ मिलिग्रॅमला २०० धरा. ४५ लिटर बोअरच्या पाण्यात १३,५०० मिलिग्रॅमची ठेव आहे, म्हणजे ६७ ग्रॅम खाद्य पचवता येईल. आरओच्या पाण्यात ९०० मिलिग्रॅम. साडेचार ग्रॅममध्ये खडखडाट! त्यानंतर प्रत्येक थेंब आम्ल सामू खाली ओढते. सामू साडेसहाच्या खाली गेला की जीवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या खाली जवळजवळ बंद पडते. मग अमोनिया साचू लागतो. शुद्ध पाणी घालून मी माझ्याच जीवाणूंची उपासमार केली होती.

आता सांगा, अशा वेळी तुम्ही काय कराल? पटकन बादलीभर बोअरचे पाणी ओताल? मीही बादली उचलली होती. मुलीने वही पुढे केली आणि मागचा आकडा दाखवला: सामू ६ असताना मोकळा अमोनिया दहा हजारांत पाच-सहा भाग, ८ असताना शंभरात पाच. म्हणजे एका बादलीने सामू आठवर नेला असता, तर टाकीतला निरुपद्रवी अमोनियम त्याच क्षणी मोकळ्या अमोनियात बदलला असता आणि विष नव्वदपटीहून अधिक वाढले असते. मासे "पाणी बदलल्यामुळे" मेले असते आणि मी बोअरला बोल लावला असता. आम्ही खाद्य बंद ठेवले आणि रोज दोन लिटर टाकीतले काढून दोन लिटर बोअरचे, तेही पेल्यापेल्याने, घातले. मासे बरेच दिवस उपाशी राहू शकतात. त्याची काळजी नको. पंधरा दिवसांनी सामू साडेसातवर आला, अमोनिया उतरला.

बोअरच्या पाण्याची एक गंमत सांगायची राहिली. नुकत्याच उपसलेल्या पाण्याचा सामू आम्हाला ७.३ मिळाला, तेच पाणी रात्रभर उघडे ठेवल्यावर ८.१! जमिनीखाली दाबाखाली विरघळलेला कार्बन डाय-ऑक्साइड निघून गेला, आम्लता गेली. ताज्या बोअरच्या पाण्यात प्राणवायूही फार कमी असू शकतो. म्हणून तेही रात्रभर मुरवून, मगच मोजावे व वापरावे.

उन्हाळ्याचा प्रश्न निराळा. पाण्यात प्राणवायू २० अंशांना लिटरला ९.१ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना ७.६, आणि ३५ अंशांना जेमतेम ७. नेमक्या त्याच वेळी माशांची गरज वाढते. वैशाखात आमच्या टाकीचे पाणी दुपारी ३३ अंशांवर गेले आणि त्यात वीज गेली. लोकांना वाटते, बुडबुड्यांतून प्राणवायू पाण्यात जातो. थोडा जातो हे खरे. पण मोजून पाहा: चार मिलिमीटर व्यासाच्या बुडबुड्याचे पृष्ठफळ सुमारे अर्धा चौरस सेंटिमीटर. एका वेळी शंभर बुडबुडे पाण्यात असले तरी ५० चौ. सें.मी. होतात. टाकीचा वरचा उघडा पृष्ठभाग मात्र ६० × ३० = १८०० चौ. सें.मी.! बुडबुड्यांचे खरे काम खालचे पाणी वर आणून हा पृष्ठभाग ढवळणे हे आहे. पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळताना पाणी फुटून पांढरे होते, तेथे हेच मोठ्या प्रमाणावर चाललेले असते. वीज गेली तर तांब्याने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतावे. दर पंधरा मिनिटांनी दहा-बारा तांबे. आम्ही दोन तास तसे केले. स्पंजमधील जीवाणूंनाही प्राणवायू लागतो, हे विसरू नका.

शाळेत करून पाहण्यासारखे काही सुचवतो. तीन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी घ्या: पावसाचे, आरओचे, बोअरचे. साबणाच्या द्रावणाचा एकेक थेंब टाकून हलवा आणि टिकाऊ फेस यायला किती थेंब लागले ते मोजा. टाकीत घालायच्या शोभेच्या दगडांवर आधी व्हिनेगार टाकून पाहा. बुडबुडे आले तर तो दगड चुन्याचा, पाण्याचा सामू वाढवणार. जास्वंदीच्या फुलांचा अर्क आम्लात गुलाबी, आम्लारीत हिरवा होतो, पण ८.२ आणि ७.४ यांतला फरक त्यावर सांगू नका. तेवढी बारीक नजर त्याला नाही.

मुख्य प्रयोग मात्र माशांशिवाय करा. दोन बादल्यांत रात्रभर मुरवलेले बोअरचे पाणी, दोन्हीत पंप व स्पंज. एकीत नवा स्पंज, दुसरीत जुन्या टाकीतला, किंवा ज्या हौदात गप्पी मासे पाळले आहेत तेथे महिनाभर बुडवून ठेवलेला. दोन्हीत रोज सारखे चिमूटभर माशांचे खाद्य टाका आणि एक दिवसाआड अमोनिया, नायट्राइट, सामू व तापमान लिहून आलेख काढा. जुन्या स्पंजाच्या बादलीत अमोनियाचा डोंगर किती ठेंगणा होतो, ते डोळ्यांनी दिसेल. एखाद्याकडे नको असलेले मासे उरलेच, तर ते बोरी नदीत किंवा कोणाच्या विहिरीत सोडू नका. परके मासे तेथल्या माशांच्या मुळावर येतात.

आमच्या टाकीत आता पाच गोल्डफिश आहेत, त्यांतले दोन पहिल्या सहांपैकी. याहून जास्त त्या टाकीत घालायचे नाहीत, आणि ते वाढले की मोठी टाकी करायची, असे वहीत लिहून ठेवले आहे. पाणी बोअरचेच. ते आता पूर्वीइतके नितळही नसते. काचेला हिरवट शेवाळ धरते आणि कॅलेंडरच्या तारखा नीट दिसत नाहीत.